वाचकांचे प्रश्न : इंजिन मोठं, पॉवर कमी आणि तरी ॲव्हरेज जास्त, हे कसं?

मागच्या अंकात हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) टॅक्सींवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. 'कुठली गाडी घेऊ' असे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते घरच्यांनी आणि बँकेनी मिळून ठरवायचं काम आहे. इंजिनाच्या आत काय चालतं ते विचारणारे प्रश्न तेवढे घेतलेत.

प्रश्न (टॅक्सीवाले, फोंडा): दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर भाडी मारतो. नवी गाडी घ्यायची म्हणून माहितीपत्रकं बघितली. हायब्रिड ग्रँड व्हिटाराचं इंजिन १४९० सीसी आणि पॉवर ९२ पीएस, त्याच गाडीच्या साध्या मॉडेलचं १४६२ सीसी आणि पॉवर १०३. इंजिन मोठं तर पॉवर कमी कशी? शोरूमवाला नुसता "अ‍ॅटकिन्सन, अ‍ॅटकिन्सन" करतो, त्याला पुढचं विचारलं की चहा मागवतो.

उत्तर: चहा पिऊन घ्या, त्याचा दोष नाही. पॉवर मुद्दाम कमी केलीय, चुकून झालेली नाही.

साध्या पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत घेतो, वर येताना ते दाबतो, मग ठिणगी पडते, गरम गॅस पिस्टनला खाली ढकलतो आणि चौथ्या फेरीला धूर बाहेर. आता बघा, दाबायची फेरी आणि ढकलायची फेरी दोन्ही सारख्याच लांबीच्या, कारण क्रँक (पिस्टनच्या वर-खालीचं फिरणं करणारा दांडा) तोच आणि पिस्टन तोच. पण जळलेल्या गॅसमधे पिस्टन खाली पोचला तरी जोर शिल्लक असतो, इंजिनावर चांगला लोड असेल तर बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट दाब सहज असतो आणि तेवढ्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तो सगळा जोर सायलेन्सरमधून फुकट जातो. उसाच्या गाड्यावर एकदाच चरकातून काढलेलं चिपाड फेकून द्यावं तसं, आत रस असतोच. दुसऱ्यांदा पिळायचं तर पिस्टनला खाली जायला अजून जागा हवी, म्हणजे ढकलायची फेरी दाबायच्या फेरीपेक्षा लांब हवी.

ती लांब करायची आजची युक्ती फार सोपी आहे. हवा आत घेऊन पिस्टन परत वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. साध्या इंजिनात हा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर क्रँक आणखी ४०-६० अंश फिरला की बंद होतो, अ‍ॅटकिन्सनवाल्यात ७० पासून १०० च्याही पुढे जाऊ शकतो. तोवर आत आलेल्यातली थोडी हवा परत इनटेक मॅनिफोल्डमधे, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलली जाते (पेट्रोल मॅनिफोल्डमधेच फवारलं जात असेल तर थोडं पेट्रोलही जातं पण ते वाया जात नाही, शेजारचा सिलिंडर ओढून घेतो). म्हणजे इंजिन १४९० सीसीचं असलं तरी आत उरलेली हवा त्याहून बऱ्याच लहान इंजिनाएवढी. हवा कमी तर पेट्रोल कमी, पेट्रोल कमी तर पॉवर कमी. तुमचे ते अकरा पीएस इथेच गेले.

बदल्यात काय मिळतं? खरं दाबणं उशिरा सुरू होतं म्हणून कंपनी काय करते, पिस्टन वर आल्यावरची जागा आणखी लहान ठेवते. पिस्टन तळाला असतानाची जागा वर असतानाच्या किती पट तो कॉम्प्रेशन रेशो. साध्या इंजिनात तो १० ते ११, काही नव्यांत १२, हायब्रिडच्या इंजिनात १३-१४. साध्या इंजिनात एवढा रेशो ठेवून फुल लोड दिला तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपणच पेटतं आणि टकटक सुरू होते, नॉकिंग म्हणतो ते. इथे हवाच कमी दाबली जाते म्हणून नॉकिंग होत नाही, पण ढकलायची फेरी मात्र पूर्ण तेरा पटीची मिळते.

आणखी एक फायदा आहे त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि शहरात तोच जास्त कामाला येतो. आपण ॲक्सिलरेटर हलका ठेवतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढताना धापा टाकतो, त्यातच पेट्रोल जातं. अ‍ॅटकिन्सनवाल्यात जास्तीची हवा व्हॉल्व्हमधूनच परत जाते त्यामुळे थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा ठेवता येतो आणि ते ओढणं हलकं होतं.

असलं इंजिन एकटंच गाडीत बसवलं तर तुम्हीच दुसऱ्या दिवशी शिव्या द्याल. कमी आरपीएमला दमच नाही. म्हणून सोबत ८० पीएसची, १४१ एनएमची मोटर दिलीय, ती शून्यापासून पूर्ण जोर देते, सिग्नल सुटला की तीच ओढते. दोघांची बेरीज १७२ होत नाही हां, दोघं एकदम पूर्ण जोरावर कधीच नसतात, मिळून ११५ च्या आसपास. मोटर आहे म्हणून इंजिनाला आळशी राहता येतं, एवढाच सगळा मामला. होंडा सिटीच्या हायब्रिडमधेही असलंच १.५ लिटरचं इंजिन आहे, फक्त मोटरची जुळणी वेगळी.

आता ॲव्हरेज. या गाडीचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, साध्या मॅन्युअलचा २१.११. हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे, त्या चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही आणि एसी बंद. तुमच्या गाडीत मे महिन्यात गिऱ्हाईक एसी बंद करू देईल का? तेव्हा दोन्ही आकडे खाली येणार. पण पर्वरीच्या जाममधे आणि पणजीच्या केटीसी बसस्टँडसमोर दोघांमधला फरक वाढतो आणि मोपाच्या मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ला तो कमी होतो. तुमची भाडी जास्त शहरातली असतील तर गणित जमेल.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, म्हापसा): हा अ‍ॅटकिन्सन कोण? आणि मिलर सायकल म्हणतात ती वेगळी का?

उत्तर: जेम्स अ‍ॅटकिन्सन, इंग्रज इंजिनिअर, १८८० च्या दशकातला. जर्मनीत निकोलाउस ओटोनी १८७६ मधे चार फेऱ्यांचं इंजिन चालवून दाखवलं होतं आणि त्याची पेटंटं आडवी येत होती, ती टाळायची म्हणून अ‍ॅटकिन्सननी वेगळीच रचना काढली. क्रँक आणि पिस्टनच्या मधे जादाचे दांडे जोडून त्यानी पिस्टनच्या चारही फेऱ्या क्रँकच्या एकाच पूर्ण चक्करमधे बसवल्या आणि त्यातली ढकलायची फेरी खरोखरच्या मापानी लांब केली. काटकसरी होतं ते इंजिन, पण एवढे दांडे-सांधे सांभाळणार कोण, म्हणून मागे पडलं. आजच्या गाडीत त्यातला एकही दांडा नाही, परिणाम तेवढा व्हॉल्व्हकडून काढून घेतलाय.

राल्फ मिलर हा अमेरिकेतला, त्याचं पेटंट १९५७ चं. व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा बंद करायचा पण हवा कमी पडते ती सुपरचार्जरनी किंवा टर्बोनी भरून काढायची. माझ्डानी १९९३ मधे २.३ लिटरच्या व्ही-सिक्समधे हे करून रस्त्यावर आणलं. तेव्हा साधं लक्षात ठेवायचं तर, कमी पडलेली हवा पंपानी भरून काढली तर मिलर, आणि नाही काढली, तसंच चालवलं, तर अ‍ॅटकिन्सन. कंपन्या मात्र हे काटेकोर पाळत नाहीत, ज्याला जे छान वाटेल ते माहितीपत्रकात छापतो. मोठ्या संख्येनी हे लोकांपर्यंत नेलं ते टोयोटाच्या प्रियसनी, १९९७ पासून.

प्रश्न (विद्यार्थी, फर्मागुडी): सर, आम्हाला पुस्तकात ओटो सायकलची एफिशियन्सी फक्त कॉम्प्रेशन रेशोवर अवलंबून असते असं शिकवलंय. अ‍ॅटकिन्सनमधे तर खरं कॉम्प्रेशन कमी होतं, मग एफिशियन्सी वाढते कशी? व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हेच विचारतात.

उत्तर: प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतो. पुस्तकातल्या सूत्रात जो रेशो आहे तो दोन कामं एकदम करतो, किती दाबलं आणि किती फुगू दिलं, आणि ओटोमधे दोन्ही सारखेच असल्यामुळे ते वेगळे आहेत हे आपल्याला कळतच नाही. काम मिळतं ते फुगण्यातून. दाबायला आपण काम खर्च करतो.

गॅमा (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.४ धरून करून बघ. रेशो १० ला आदर्श एफिशियन्सी ६०.२ टक्के, १३ ला ६४.२. आता दाबायचं १० पट आणि फुगू द्यायचं १३ पट असं धरलंस तर सूत्र लांबलचक होतं (शेवटी थोडी उष्णता स्थिर घनफळाला जाते आणि थोडी स्थिर दाबाला, ती दोन तुकड्यांत मोजायची) आणि उत्तर किती उष्णता घातली त्यावरही हलतं, पण भरपूर उष्णता घातलीस तर येतं या दोन्हीच्या मधे आणि ६४ च्या बऱ्यापैकी जवळ. म्हणजे नॉकिंगचा धोका दहाचा आणि फायदा जवळजवळ तेराचा. व्हायवाला हे एक वाक्य बोल आणि मग गप्प बस, पुढचं त्यांना विचारू दे.

खऱ्या इंजिनात हे ६० टक्के वगैरे विसर. भिंतीतून जाणारी उष्णता, घासणं, पंपिंग सगळं वजा जाऊन चांगलं साधं पेट्रोल इंजिन आपल्या सगळ्यात चांगल्या बिंदूला ३५ च्या आसपास असतं. टोयोटानी २०१५ च्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनाला ४० टक्के गाठले, पण ते एकट्या व्हॉल्व्हचं श्रेय नाही, थंड केलेला धूर परत आत फिरवणं, पाण्याचा पंप विजेवर चालवणं अशी बरीच खटपट त्यात आहे.

प्रश्न (डिचोली): आमच्या गॅरेजवाल्यानी सांगितलं की टायमिंग चेन एक दात मागे टाकली की जुनी गाडी पण अ‍ॅटकिन्सन होते, हजार रुपयात काम. करू का?

उत्तर: नको. हजार रुपये जातील ते जातील, वर हेड उघडायची पाळी येईल.

टायमिंग चेन क्रँकवरून कॅमचा दांडा फिरवते आणि त्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. एक दात म्हणजे किती ते आधी बघा. क्रँकच्या गिअरला समजा २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. पूर्ण चेनच मागे टाकली तर इनटेकबरोबर एक्झॉस्टचा कॅमही उशिरा होतो, एकच कॅम असेल तर मग प्रश्नच नाही, दोन्ही त्याच्यावरच. दोन कॅम असतील आणि फक्त इनटेकचा दात बदलला तर व्हॉल्व्ह उशिरा बंद होईल हे खरं, पण तो उशिरा उघडेलही, कारण कॅमचा आकार तोच. कंपनीच्या अ‍ॅटकिन्सन इंजिनात कॅमचा डोंगरच रुंद घासलेला असतो, व्हॉल्व्ह वेळेवर उघडून जास्त वेळ उघडा राहावा म्हणून. आणि मुख्य गोष्ट, तुमच्या पिस्टनच्या वरची जागा काही लहान झाली नाही. म्हणजे दाबणं दहाचं आठ-साडेआठ झालं आणि फुगणं होतं तेवढंच राहिलं. पॉवर गेली, फायदा काही नाही, मग तुम्ही ॲक्सिलरेटर जास्त दाबणार आणि ॲव्हरेज होतं त्याहून खाली जाणार.

शिवाय कॉम्प्युटर बघत असतो. क्रँकचा आणि कॅमचा सेन्सर जुळत नाही म्हटल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला तर पी००१६ सारखा कोड दिसतो. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीनी येतात, एका दातानी बहुतेक वेळा आदळत नाहीत, पण चेन सैल असेल आणि त्यात अजून एक दात सरकला तर व्हॉल्व्ह वाकले म्हणून समजा.

त्यापेक्षा जुन्या गाडीत व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी रचना) असेल तर तीच नीट चालते का ते बघायला सांगा. कॅमच्या टोकाला एक फेझर असतो, तो इंजिन ऑइलच्या दाबावर कॅम थोडा पुढेमागे फिरवतो, आणि ते ऑइल सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो त्याच्या तोंडाशी नखाएवढी बारीक जाळी. ऑइल बदलायला उशीर केला की त्या जाळीत काळा चिखल बसतो, फेझर अडकतो, गाडी सकाळी खडखडते आणि ॲव्हरेज पडतं. कंपनीनी सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर घाला. पातळ ग्रेड लिहिलं असेल तर पातळच, "गोव्यात गरम होतं म्हणून जाड टाकतो" हे ऐकू नका. हजार रुपये तिथे लावा.

प्रश्न (मडगाव): माझ्याकडे यामाहाची आर-१५ बाईक आहे. ७४०० आरपीएमच्या पुढे आवाजच बदलतो आणि मीटरवर व्हीव्हीए येतं. मित्र म्हणतो ते होंडाच्या व्हीटेकसारखंच. यानी पेट्रोल वाचतं की जास्त जातं?

उत्तर: मित्र बऱ्यापैकी बरोबर. तुझ्या बाईकच्या इनटेकला दोन कॅम आहेत, एक बुटका आणि एक उंच. खाली बुटका चालतो, ७४०० ला एक छोटी पिन आत सरकते आणि व्हॉल्व्ह उंच कॅमवर चालायला लागतो, जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो, हवा जास्त, म्हणून आवाज बदलतो. होंडानी असलं काम १९८९ मधे जपानात इंटिग्रा गाडीत आणलं, तिथे ऑइलच्या दाबावर, तुझ्याकडे विजेच्या सोलेनॉइडवर.

हे अ‍ॅटकिन्सनच्या उलट टोकाचं आहे, इथे उशिरा बंद करण्याचा हेतू जास्त हवा भरण्याचा. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर यायला लागला तरी ती घुसतच राहते, त्याचा फायदा घ्यायचा. तोच व्हॉल्व्ह तेवढाच उशीर हळू इंजिनात केला तर हवा परत बाहेर. पेट्रोल वाचतं ते बुटक्या कॅममुळे, तो आहे म्हणून खाली इंजिन नीट ओढतं आणि तुला सारखा गिअर पाडावा लागत नाही. ७४०० च्या वर कोलव्याच्या रस्त्यावर काय काम आहे ते तू आणि ट्रॅफिक पोलीस बघून घ्या.

रेंटच्या साध्या स्कूटरींत हे काही नसतं हो, एकच कॅम, एकच टायमिंग. त्यांचं ॲव्हरेज टायरमधल्या हवेवर आणि पर्यटकाच्या मनगटावर.

प्रश्न (भाजीचा धंदा, वाळपई): आठवड्याला चोर्ला घाटातून बेळगावला जातो. हायब्रिड घाटात चालते का? कोणी म्हणतं बॅटरी संपली की गाडी बसते.

उत्तर: बसत नाही, पण ओरडते. हिशोब करू. या गाड्यांची बॅटरी लहान, ०.७६ किलोवॅट-अवरची. गाडी आणि माणसं मिळून १६०० किलो धरले तर ती बॅटरी पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत वापरली तरी गाडीला जेमतेम १७० मीटर उंच नेऊ शकते, आणि पूर्ण वापरू देतच नाहीत, अर्धीअधिक राखून ठेवतात. घाट त्याच्या कितीतरी पट उंच. तेव्हा चढाला शेवटी काम इंजिनालाच करायचं असतं. ते करतं, कॉम्प्युटर व्हॉल्व्ह लवकर बंद करायला लावतो, हवा जास्त भरतो आणि थोडा वेळ इंजिन साध्यासारखंच चालतं, पण आरपीएम वर जाऊन एकसुरी आवाज करत राहतं. ज्याला गिअर बदलायची सवय आहे त्याला वाटतं क्लच घसरतोय. घसरत नाही.

उतारावर बॅटरी भरते, पण केरीला पोचायच्या बऱ्याच आधी ती भरलेली असते आणि पुढचं रिजनरेशन (चाकांच्या फिरण्यातून बॅटरी भरणं) संपतं. तिथून गिअरच्या दांड्यावर 'बी' असेल तर तो लावा, इंजिन ब्रेक देईल, नाहीतर ब्रेक तापतील. मागे भाजीची पोती भरणार असाल तर डिझेल अजून तुमच्या कामाचं आहे, हायब्रिडच्या डिकीचा काही भाग बॅटरीनी खाल्लेला असतो.

प्रश्न (ट्रॉलरमालक, कुटबण): मोठ्या जहाजांच्या इंजिनात मिलर टायमिंग असतं असं वाचलं. आमच्या ट्रॉलरच्या डिझेल इंजिनात करता येईल का? डिझेलचा खर्च सोसत नाही.

उत्तर: वाचलं ते खरं. वार्टसिला, मॅन यांच्या मध्यम वेगाच्या जहाजी इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद करतात, पिस्टन तळाला पोचायच्या आधीच. मग आतली हवा फुगून थंड होते, दाबल्यावरचं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. मुख्य ओढा तोच, प्रदूषणाचे नियम. हवा कमी पडते ती भरायला टर्बो फार जोरदार लागतो, काही इंजिनांत एकामागे एक दोन. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे पेट्रोल इंजिनात जो हवा ओढण्याचा त्रास वाचतो तो इथे मुळातच नाही. तुमच्या इंजिनाला वेगळा कॅम, वेगळा टर्बो, वेगळं पंप सेटिंग, हे सगळं करून वाचणारं डिझेल खर्चाच्या मानानी अगदीच किरकोळ.

तुमचं डिझेल जातं ते पाण्यात. बोटीला लागणारी ताकद ढोबळमानानी वेगाच्या घनात वाढते. बंदरातून मासेमारीच्या जागेपर्यंत जाता-येता वेग १० टक्के कमी केला तर ताकद जवळजवळ २७ टक्के कमी लागते. वेळ जास्त लागतो तो धरूनही तेवढ्याच अंतराला डिझेल १९ टक्क्यांच्या आसपास कमी. जाळं ओढताना हा हिशोब चालत नाही, तिथे जाळ्याचाच भार. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा बोट वर काढताच, त्याच वेळी बुडाला चिकटलेला शिंपल्यांचा थर पूर्ण खरवडून रंग द्या आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा वाकल्यात का ते हातानी चाचपून बघा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स आणि इंजेक्टर तेव्हाच तपासून घ्या, टायमिंगला हात न लावता.

प्रश्न (पर्वरी): ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज पडलं. व्हॉल्व्ह टायमिंगनी काही करता येईल?

उत्तर: तुमच्या सध्याच्या गाडीत नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळल्यावर लिटरमागे ६-७ टक्के ऊर्जा कमी, ती कुठलाही व्हॉल्व्ह परत आणू शकत नाही. मात्र इथेनॉल नॉकिंगला चांगलं टक्कर देतं, म्हणजे ई-२० साठीच बनवलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो आणखी वर नेऊन त्यातलं काही परत मिळवता येतं. नवी गाडी घेताना ती ई-२० वर चालते एवढंच विचारू नका, तिचा रेशो किती ते विचारा. शोरूमवाला परत चहा मागवेल.